धुरपदाबाईंना न बसलेला धक्का

परदेशी जाणाऱ्या माणसाला सांस्कृतिक धक्का हा बसतोच. तो आपल्याच गावात, पंख्याखाली बसवून घेतलेला बरा. या उदात्त हेतूने जळगावात एक वर्ग चालतो. दहा दिवसांत जगाचा इतिहास आणि धक्का, याच क्रमाने शिकवतात.

यावलकडच्या धुरपदाबाईंना तिथे लेकीनेच घातले. लेक भूमिका जर्मनीत, तिला सातवा महिना. प्रमाणपत्राचा फोटो आला की आईचे तिकीट काढते, असे तिने प्रेमाने कळवले होते. (धुरपदाबाईंनी गावातली एकोणचाळीस बाळे न्हाऊमाखू घातली होती, पण त्याचे प्रमाणपत्र कोणी दिले नव्हते.)

वर्ग घेणाऱ्या पुनम मॅडमनी इतिहास चार दिवसांत उरकला. कुठले तरी लोक बोटीने दुसऱ्याच्या देशात उतरत, तिथेच मुक्काम ठोकत आणि जाताना भांडीकुंडी घेऊन जात. नावे तेवढी बदलत.

पाचव्या दिवशी धक्का सुरू झाला. नियम पहिला: तिकडे कोणाच्या घरी न विचारता जायचे नाही.

"मंग हे बोटीवाले इचारून गेल्ते का?" धुरपदाबाईंनी विचारले.

मॅडमनी प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा ठरवला.

पुढचे नियम असे: स्वयंपाकघरात विचारून शिरावे. फोडणीचा ठसका दाराबाहेर जाऊ देऊ नये. पाहुणे आले तर आपण आतल्या खोलीत बसावे. बाळाला उचलण्याआधी हात धुवावेत, वेळापत्रक पाहावे आणि मगच परवानगी मागावी. इथे शेजारच्या बाकावरच्या कौतिकबाईंना रडू फुटले (वर्गाच्या हिशेबी उत्तम प्रगती). धुरपदाबाई मात्र पाढे म्हणावेत तशा मान डोलवत होत्या.

परीक्षेत त्यांना शंभरपैकी शंभर पडले. धक्का, शून्य. वर्गाच्या इतिहासात असे घडले नव्हते. मॅडमना संशय आला. बाई आधी कोणता देश करून आल्या, असे त्यांनी विचारले.

"देश कशाचा. पोराच्या फ्लॅटवर रायली व्हती आठ दिवस. इथंच, तुमच्या जयगावले." धुरपदाबाईंनी पिशवी उचलली. "नातवाले घ्याचं तं आधी टाइम इचारा लागे. तुम्ही फोटो धाडा बरं लवकर."

फोटो गेला, तिकीट आले. वर्गाने लगोलग नियम केला: मुलाच्या फ्लॅटवर आठ दिवस काढलेल्या आईवडिलांना धक्क्याचा पेपर माफ.

आपल्या घरचे कोण या सवलतीला पात्र ठरते, ते वाचकांनी समक्ष जाऊन विचारावे. (आधी फोन करायची गरज नाही. ती माणसे घरीच असतात.)