चिंतोपंतांनी केलेला अपघात

संकटाला आधी कागदावर गाठलं, की प्रत्यक्षात यायची त्याची छातीच होत नाही, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणतोय, लक्षात घ्या!

चौतीस सालची गोष्ट. सोलापुरात, भवानी पेठेपलीकडच्या माळावर वीरभद्रप्पा शेठजींचा रसायनांचा कारखाना होता आणि मी तिथे हेडक्लार्क. गिरण्यांना आणि रंगाऱ्यांना लागणारं तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड, आणि सूत पांढरं करायची पावडर आम्ही बनवायचो. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या असल्या की गुणी. एकत्र आल्या की जावाजावांसारख्या! असा पिवळट धूर सुटतो, की माणसाचा श्वास कोंडावा.

म्हणूनच पुण्याच्या फॅक्टरी इन्स्पेक्टरांचं पत्र आलं. अपघात झाला तर काय करणार त्याची योजना दाखवा, आणि आमच्यासमोर तिची तालीम करा!

शेठजींना घाम फुटला. "चिंतोपंत, हे कसं काय जमायचं हो?"

"आठ दिवस द्या, शेठजी. अशी योजना लिहितो, की साहेब ती चौकटीत बसवून घरी लावतील!"

सतरा कलमं लिहिली मी! कलम चौथं : काहीही सांडलं तरी त्यावर ताबडतोब पाण्याच्या बादल्या ओताव्यात. कलम सहावं : वाऱ्याची दिशा समजण्यासाठी मुंबईहून यंत्र मागवावं. आणि माझं सगळ्यात लाडकं, कलम नववं : विषारी वायूमुळे रुग्ण भ्रमिष्टासारखा बडबडू लागतो, त्याच्या बडबडीकडे लक्ष न देता त्यास थेट दवाखान्यात न्यावे.

रोज जेवणाच्या सुट्टीत मी ही कलमं वाचून दाखवायचो. माणसं भाकरी खात ऐकायची. चुना चाळणाऱ्या गोजाबाईनं एकदा मध्येच विचारलं, "पंत, तेजाबावर पानी कसं वताचं? त्ये तर उसळतंय की!"

"बाई, हे शास्त्र आहे," मी म्हणालो. ती वळसंगची अडाणी बाई. तिला शास्त्रातलं काय कळणार?

तालमीचा दिवस उजाडला. रुग्णाचं काम मीच घेतलं. अभिनय दुसऱ्या कुणाला जमणार? चेहरा फिका दिसावा म्हणून घरून तांदळाची पिठी आणून तोंडाला चोपडली. इन्स्पेक्टरसाहेब खुर्चीवर बसले, घंटा घणघणली आणि मी खोकत, डोळे फिरवत असा कोसळलो, की शेठजी खरंच "अय्यय्यो!" म्हणाले.

कल्लप्पा आणि श्रीमंत हे आमचे दोन हमाल. म्हशीला उचलतील असे! त्यांनी मला बाजेवर टाकलं, खांद्यावर घेतलं आणि निघाले. फाटकापर्यंत न्यायचं ठरलं होतं. फाटक आलं. फाटक गेलं!

"अरे, थांबा! उतरवा मला!"

"कल्लप्पा, पंत बडबडाय लागले रं!"

"लक्ष देऊ नगंस. नववं कलम!"

"अरे, ते कलम मीच लिहिलंय!"

"लई चढलंय की ह्यास्नी!" श्रीमंत कळवळून म्हणाला. "पळ, पळ!"

पळाले! भर दुपारी, भवानी पेठेतून! खांद्यावरची बाज आणि तिच्यावर पांढराफटक माणूस बघून दुकानदारांनी टोप्या काढल्या. एका म्हातारीनं हात जोडले. मी ताडकन उठून बसलो आणि ओरडलो, "मी जिवंत आहे!" त्यासरशी म्हातारीसकट अर्धी पेठ पसार झाली!

गलका ऐकून पेठेतलं आमचं घर जागं झालं. दारात प्रभा उभी. माझी पत्नी! क्षणभर तिचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला. मग ती जवळ आली, माझ्या गालावरून बोट फिरवलं आणि चिमटीत चोळून बघितलं.

"अहो! ही माझी मोदकाची पिठी!"

"प्रभा, यांना सांग, मला काही झालेलं नाही!"

"वैनीसाब, लक्ष देऊ नगा," कल्लप्पा धापा टाकत म्हणाला. "पंत बडबडत्यात."

"ते रोजच बडबडतात," प्रभा म्हणाली. "न्या दवाखान्यात. एकदा तपासून तरी होईल."

डॉक्टरांनी कलमं वाचलेली नव्हती, म्हणून सुटलो. तरी जीभ दोनदा बघितलीच! टांगा करून मी कारखान्याकडे निघालो. हमालांना काय काय सुनवायचं, त्याची उजळणी चालली होती.

माळाजवळ आलो आणि नाकात तिखट वास घुसला. कारखान्यात चाळीस माणसं होती हो! टांगा पुरता थांबायच्या आत उडी मारून मी धावलो.

सगळी माणसं लांबवर लिंबाखाली बसली होती. एक, दोन, तीन... मी चाळीस डोकी मोजली, पुन्हा मोजली आणि मग मातीतच बसलो. माणसं चुरमुरे खात होती. इन्स्पेक्टरसाहेबसुद्धा!

मी गेल्यावर काय झालं ते शेठजींनी सांगितलं. चौथ्या कलमाप्रमाणे आमचा कामगार ज्ञानबा बादल्या घेऊन धावला आणि तेजाबाच्या काचेच्या बरणीला धडकला. बरणी फुटली, तेजाब पावडरीच्या पोत्याकडे वाहत निघालं. लोकांना वाटलं, हाही तालमीचाच भाग! त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "वा! अगदी खऱ्यासारखं!"

तेवढ्यात पोत्याच्या कडेनं धूर निघाला आणि ज्ञानबानं बादली उचलली.

"पानी न्हाय!" गोजाबाई किंचाळली. "माती टाका! वाळकी माती! त्यावर चुना! आन् टाळ्या कसल्या वाजवताय? भाईर व्हा!"

तिनं पदर ओला करून नाकाला बांधला आणि ज्ञानबाला घेऊन मातीचा बांध घातला. बाकीची पळाली ती भलत्याच दिशेला. तेव्हा ती पुन्हा ओरडली, "गिरणीच्या धुराड्याकडं बगा की! धूर जातोय तिकडं जाऊ नगा, उलट्या अंगाला पळा!" साहेब सगळ्यांच्या पुढे पळाले म्हणे.

मी गोजाबाईसमोर उभा राहिलो. डोळे लाल झाले होते तिचे, पण हसत होती. "बाई," मी म्हणालो, "मी इथे असतो तर पाणीच ओतायला लावलं असतं."

"ठावं हाय की," ती म्हणाली आणि माझ्या ओंजळीत चुरमुरे घातले. "खावा. तोंड लई पांढरं पडलंय."

साहेबांनी तिथेच मांडीवर वही घेऊन शेरा लिहिला : 'बचावकार्य अत्युत्तम. सौ. गोजाबाई यांना मुकादम करावे. रुग्ण म्हणून हेडक्लार्कची निवड अचूक होती. पुढेही अपघात होताच त्यांना सर्वांत आधी कारखान्याबाहेर न्यावे.'

शेरा अर्थातच इंग्रजीत होता. तो कामगारांना मोठ्यानं मराठीत वाचून दाखवायचं काम हेडक्लार्कचं!