डिस्कच्या गेटवर तात्या

"मामा, नुसतं बघायचं. हात कशालाच लावायचा नाय," तनुजा चप्पल घालता घालता म्हणाली.

"तीस वर्षं बघायचाच पगार घेतला," तिचे सासरे सखारामतात्या खुर्ची ओढत म्हणाले. "जा तू निवांत."

तात्या वाळूजच्या एका कारखान्यात गेटवर वॉचमन होते. इंग्रजी अक्षरं त्यांना गाड्यांच्या नंबरप्लेटांनी शिकवली. मराठी लिहायला-वाचायला मात्र ते निवृत्तीनंतर शिकले, शमशाद आपांच्या संध्याकाळच्या वर्गात. आपा आता थकल्या होत्या आणि उद्या वर्गाचा शेवटचा दिवस होता. बावीस जणांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, आपांविषयी एकेक पान लिहिलं होतं. घरी टायपिंगची कामं घेणारी तनुजा त्याची पुस्तिका करत होती. चारपर्यंत ती शहागंजच्या प्रेसला पोचली तरच उद्या आपांच्या हातात पडणार होती.

आणि आज सकाळपासून कॉम्प्युटर अडून बसला होता. एक अक्षर दाबलं की ते चहा पिऊन आल्यासारखं उमटायचं. सेव्ह करायला जावं तर नुसतं चक्र फिरायचं. शेवटची निम्मी पानं सेव्ह न होता तशीच पडद्यावर उघडी होती.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या साकिबनं फोनवरून तनुजाला एक छोटा प्रोग्रॅम टाकायला लावला होता. आत चाललेल्या शंभर कामांपैकी कोण डिस्कवर काय लिहितंय, कोण काय वाचतंय, ते तो ओळीनं टिपून दाखवत होता. "आधे घंटे नजर ठेवा भाभी, खादाड कोण ते कळतं. मग बंद करा," असं साकिब म्हणाला होता. पण लेकीच्या, सायलीच्या शाळेत पालकसभा होती. निघायच्या घाईत तनुजानं नजर ठेवायचं काम तात्यांना सांगितलं आणि बंद करायचं सांगायचं राहून गेलं.

तात्यांनी जुनी वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि ड्युटी सुरू केली. पडद्यावर नाव आलं की वहीत नोंद. नावं मुंग्यांसारखी पळत होती, त्यामुळे विसातलं एखादंच हाती लागायचं. पाऊण तासानं त्यांनी साकिबला फोन लावला.

"साकिबमियाँ, आत एकाच नावाची चाळीस माणसं हायेत. एस, व्ही, सी, एच, पुढं कायतरी. गेटपास बनावट दिसतो."

"असू द्या चाचा, ती कॉम्प्युटरच्या घरचीच आहेत. सगळ्यांचं नाव एकच असतं."

"आडनाव तरी पाहिजे," तात्या म्हणाले आणि नाराजीनं चाळीस जणांना आत राहू दिलं.

दीड वाजता पडद्यावर एक चौकट उगवली. तात्यांनी पुन्हा फोन लावून एकेक अक्षर वाचून दाखवलं.

"डिस्क फुल?" साकिबचा आवाज बदलला. "चाचा, सकाळी चाळीस जीबी खाली होती. तशीच ठेवा, मैं आ रहा हूँ."

तेवढ्यात शेजारचे बन्सी वर्तमानपत्र परत द्यायला आले. त्यांनी पडदा पाहिला आणि बोट थेट बटणाकडे नेलं. "तात्या, बंद करून चालू कर. आमचा टीव्ही असाच सुधरतो."

तात्यांनी बटणावर तळहात ठेवला. "बदली आल्याबिगर गेट सोडत नसतेत."

"अरे पण कोण आत घुसलंय?"

"तेच बघायलोय. तू हात मागं घे."

तनुजा आली तेव्हा तात्या एका हातानं बटण झाकून दुसऱ्या हातानं नोंदी करत होते. चौकट वाचून ती मटकन खाटेवर बसली. "मामा, अकरा जणांची पानं सेव्ह नायेत. परत टाईप करायला आज होत नाय." त्या अकरांत तात्यांचंही एक पान होतं.

अडीचला साकिब आला. त्यानं यादी पाहिली आणि डोक्याला हात लावला. "चाचा, चोर आपलाच माणूस निघाला. सकाळी एक अपडेट चालू होतं, ते सव्वाअकरालाच संपलं. त्यानंतर डिस्क भरतोय तो हा नजर ठेवणारा प्रोग्रॅम. कोणी काय लिहिलं ते सगळं हा त्याच डिस्कवर लिहीत बसलाय. अडतीस जीबी नुसत्या नोंदी."

तात्यांनी आपली वही मिटली. "म्हंजे वॉचमननं इतकी रजिस्टरं भरली की कारखान्यात माल ठेवायला जागा नाय उरली."

"तसंच. पण चाचा, तुम्ही बटण दाबू दिलं असतं ना, तर ती पानं गेलीच होती."

साकिबनं तो प्रोग्रॅम बंद करून नोंदी पुसल्या, तनुजानं सेव्ह दाबलं आणि चक्र एकदाच फिरून थांबलं. तिनं चहा ठेवते म्हटलं, पण साकिब पेनड्राइव्ह खिशात टाकून उठलासुद्धा. "प्रेसला मीच देतो. माझ्या अब्बांना सही आपांनीच शिकवली." तात्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

दुसऱ्या दिवशी आपांनी पुस्तिका उभ्यानंच वाचायला घेतली. पानं उलटता उलटता त्यांनी दोनदा चष्मा पुसला. मग पर्समधून लाल पेन काढलं.

"सखारामभाऊ, 'आपा कधीच रागावल्या नाहीत' असं लिहिलंय तुम्ही. हे खोटं आहे. मी दोनदा तुमची वही फेकली होती." त्यांनी पुढची पानं चाळली. "सगळ्यांनीच खोटं लिहिलंय. खरं लिहून सोमवारी दाखवा."

"पण आपा, वर्ग तर आज बंद," मागून चतुराबाई म्हणाली.

"वह्या तपासल्याशिवाय कसा बंद करू?"

रिक्षा तनुजा आणि तात्यांना घेऊन घरापाशी थांबली. उतरताना त्यांनी तनुजाला हळूच विचारलं, "बाई, सोमवारी बी थोडं खोटं ठिवलं तर बुधवारी परत बोलवतील का गं?"