पाळण्यापाशी नूरमियां

तेलगावात मला आणि माझ्या बायकोला पहिला आसरा दिला तो नूरमियां पिंजाऱ्यांनी. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी त्यांना हसलो तरी कुणी गैरसमज करून घेऊ नये.

मियांची खोड एकच. गावात कुणाच्याही घरी पाळणा हलला, की कापूस पिंजायची धनुकली भिंतीला टेकवून हे तिथं हजर. "नाव सिकंदर ठेवा," म्हणायचे. पाटलाकडं म्हणाले, धनगरांकडं म्हणाले. एकदा तर नुकत्याच झालेल्या गोऱ्ह्यालाही सुचवलं.

हे ज्ञान बीडच्या यूनानी हकिमाचं. मियां खोकल्याचं औषध आणायला गेलते, नावाचा इतिहास घेऊन आले. खोकला तसाच राहिला. मूळ नाव आलेक्सांद्रोस, म्हणजे माणसांची राखण करणारा. ईरानात पोचेपर्यंत त्याचं सिकंदर झालं, असं ते धनुकलीच्या तालावर सांगत. मग बादशहा मोजत. यूनानचा थोरला, काश्मिरातला एक, दिल्लीच्या तख्तावरचा एक, आपल्या निजामसरकारांच्या घराण्यातला एक. "अन् तेलगावातला?" कुणीतरी टोचायचंच.

"तेलगावची जागा रिकामी हाय बे."

मी वऱ्हाडातला, तिसरीतच शाळा सुटलेला. एवढे राजे एकदम ऐकले की मला दडपायला व्हायचं.

त्यांच्याच पडवीत आम्हाला मुलगा झाला आणि माझा जीव टांगणीला लागला. आधीची दोन बाळं गेलेली. अशा घरी धोंड्या, दगड्या असलं टाकाऊ नाव ठेवतात, म्हणजे दृष्ट लागत नाही. बायको धोंड्यावर अडून बसली. मियांनी सिकंदर मागितलं तर? ज्यांच्या छपराखाली राहतो, त्यांना नाही कोणत्या तोंडानं म्हणू?

बारशाला मियां धुतलेला सदरा घालून आले. सुईण म्हणाली, येऊ द्या तुमचे बादशहा. बाया हसल्या. मियांनी हातानं भरलेली इवलीशी गादी पाळण्यात अंथरली आणि बायकोला म्हणाले, "पोरी, धोंड्याच ठेव. माझा ल्योक सिकंदर होता. त्येला नाव लई जड झालं."

बाया गेल्यावर मी हळूच विचारलं, मग गावभर ते नाव कावून मागत फिरता?

"कुणी ठेवणार न्हाई, ठाऊक हाय मला. पर मागायच्या निमतानं तेवढंच त्येचं नाव तोंडात येतं."

धोंड्या आता रांगतो, मियांच्या कापसात लोळतो. बोलायला लागला की त्यांना आजा म्हणायला शिकवीन. आणि मियांचे हात थकतील तेव्हा त्यांची भाकर माझ्या चुलीवर. हे उपकार एक दिवस फेडीन, नक्की फेडीन.