पाचवं वळण घरी आलं

पद्मजा आरवाडे रविवारी संध्याकाळी ट्रॅकवरून घरी आल्या, तेव्हा ट्रॅकवरचं पाचवं वळण त्यांच्या मागोमाग सांगलीपर्यंत आलं होतं.

त्यांच्या ते लगेच लक्षात आलं नाही. वयाची पन्नाशी उलटल्यावर, चष्म्यांचं दुकान सांभाळून, त्या दर रविवारी जतच्या माळावरच्या ट्रॅकवर वेगात गाडी चालवायला शिकायला जात आणि संध्याकाळी पार गळून गेलेल्या असत. सोमवारी सकाळी त्यांचे यजमान धनपाल दूध आणायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "आपल्या गल्लीला वळण आलंय. चौगुल्यांच्या फाटकापाशी. जाताना डावीकडे, येताना उजवीकडे."

"कडेला लाल-पांढरे पट्टे आहेत का?" पद्मजाताईंनी विचारलं.

"आहेत."

त्या खाली बसल्या.

दहाच्या सुमारास ट्रॅकच्या ऑफिसातून फोन आला. "मॅडम, आमचं पाचवं वळण तुमच्याकडे आहे का?"

"आहे."

"उजवंच आहे ना?"

"येताना उजवं आहे."

"मग आमचंच. इथे चौथं वळण संपलं की नुसता माळ लागतोय. रविवारी पुण्याच्या गाड्या यायच्यात. नदाफ सरांना पाठवतो."

नदाफ सर म्हणजे फिरोज नदाफ, पद्मजाताईंचे शिक्षक. ते पोचण्याआधी गल्लीतले चौगुले काका आले. वळणामुळे त्यांचं घर फिरलं होतं.

"आमचं दार पूर्वेचं होतं, ते दक्षिणेला झालंय," ते म्हणाले. "समोरच्या मालेकरांचं उत्तरेला गेलं, त्यांचं काय, ते खुशीत आहेत. पण शुक्रवारी आमच्या रेवतीला बघायला येणार आहेत. दक्षिणेच्या दारातून पाहुणे आत घेऊ का मी?"

"काका, मी मुद्दाम नाही आणलं हो."

"आणलं नसेल. पण आलंय तुमच्याकडे. आपल्या पाहुण्याला आपणच वाटेला लावायचं असतं."

त्यांचं बोलणं रास्त होतं. पद्मजाताईंनी त्यांना चहा दिला.

नदाफ सरांनी आल्या आल्या वळण या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिलं. डांबराला हात लावला. मग ओट्यावर बसून ते म्हणाले, "ताई, काल तुम्ही दर फेरीला याच्या मधोमध एक्सलरेटरवरून पाय उचलत होतात."

"भीती वाटते हो. गाडी बाहेर जाईल असं वाटतं."

"जाते ती पाय उचलल्यामुळेच. पण तो मुद्दा वेगळा. तुम्ही वळण सुरू करत होतात आणि मध्येच सोडून देत होतात. दिवसभर. त्याला वाटलं, या बाई उरलेलं कधीतरी पुरं करतील. म्हणून आलंय."

"असं येतं?"

"सगळीच येत नाहीत. दुसरं वळण असतं तर आलं नसतं. हे जरा लावून घेणारं आहे."

"मग ओढून नेता नाही येणार?" धनपाल म्हणाले.

"ओढलं तर सरळ होईल. मग त्याचा उपयोग काय?"

उपाय एकच होता. वळण नीट, सलग, पुरं घ्यायचं. त्याचं समाधान झालं की ते आपण होऊन निघेल. मंगळवारपासून गल्लीत शिकवणी सुरू झाली. वाहतूक अडवायला दोन्ही तोंडांना प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मोकळं झालं की चौगुले काका गच्चीवरून पंचा हलवत. शिकायचं होतं ते उजवं वळण, म्हणून पद्मजाताई सकाळी दुकानात जाण्याआधी त्यातून बाहेर पडत, हमरस्त्याला गाडी फिरवत आणि परत गल्लीत शिरत. की पुन्हा बाहेर.

"ब्रेक आत्ता, सरळ आहे तोवर," शेजारच्या सीटवरून नदाफ सर सांगत. "आता सोडा. वळवा. पाय उचलू नका. ताई, नजर कुठे आहे?"

"काकांच्या भिंतीवर."

"मग गाडी भिंतीकडेच जाणार. भिंत तिथेच राहील, तिची काळजी करू नका. वळण जिथे संपतं तिथे बघा."

"मला ते दिसतच नाही!"

"मान फिरवा, दिसेल."

दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं. बुधवारी त्यांनी दोनदा पाय उचलला आणि वळण आणखी थोडं आवळलं. मालेकरांची कुंडी फुटली. गुरुवारी रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "सोडून देते मी हे सगळं. या वयात कशाला?"

धनपालांनी भाकरी मोडली. "सोडलंस तर ते कायमचं राहील इथे," ते म्हणाले. "माझी हरकत नाही. पण चौगुल्यांची पोर घरात राहील ना."

शुक्रवारी सकाळी पद्मजाताई हमरस्त्यावरून गल्लीत शिरल्या. ब्रेक लावला, सोडला, मान फिरवली. भिंतीच्या पलीकडे त्यांना स्वतःचं घर दिसलं, आणि ओट्यावर पेपर वाचणारे धनपाल. त्या त्यांच्याकडेच बघत राहिल्या. पाय जागचा हलला नाही. गाडी आतल्या पट्ट्याला घासून गेली आणि अलगद बाहेर सुटली, जशी ओंजळीतून पाण्याची धार सुटते.

पद्मजाताईंना हसू येत होतं आणि ते थांबत नव्हतं. त्यांनी गाडी फिरवली आणि कोणी न सांगता पुन्हा एकदा वळण घेतलं, मग पुन्हा एकदा. शेवटी काकांनी गच्चीवरून हाक मारली, "अहो, पाहुणे यायची वेळ झाली!"

वळण अजून हललं नव्हतं, म्हणून काकांनी पाहुण्यांना घरामागच्या स्वयंपाकघराच्या दारातून आत घेतलं. ते दार आता उत्तरेचं झालं होतं. रेवतीने मुलाला पसंत केलं.

रविवारी पहाटे पद्मजाताई गाडी घेऊन गल्लीबाहेर पडल्या आणि वळण त्यांच्या मागे निघालं. धनपाल मागच्या सीटवर बसून त्याच्यावर लक्ष ठेवत होते. मिरजेच्या पुढे रस्ता सरळ होता, तरी मागून येणाऱ्या गाड्या एकापाठोपाठ एक वळत आणि हॉर्न वाजवत. कवठे महांकाळला ते चहाला थांबले, तेव्हा वळणही थांबलं.

ट्रॅकवर ते आपल्या जागी बसलं, पण उलटं बसलं. गल्लीतून बाहेर पडताना ते डावं होतं आणि तसंच माळापर्यंत आलं होतं. त्याचं तोंड आता सहाव्या वळणाकडे होतं. नेहमीच्या बाजूने येणारी गाडी ते आत घेईना.

ऑफिसातल्या लोकांनी विचार केला आणि ट्रॅकच्या सुरुवातीच्या कमानीवरचा बाण पुसून दुसऱ्या दिशेला काढला. त्या दिवसापासून ट्रॅक उलटा फिरू लागला. पुण्याचे मुरलेले चालक पहिल्याच फेरीत पाचव्यावरून गवतात गेले. हे वळण डावीकडून त्यांच्यापैकी कोणीच कधी घेतलेलं नव्हतं. खुद्द नदाफ सरही एकदा गवतात जाऊन आले, हेल्मेट काढून त्यांनी कपाळ पुसलं आणि पद्मजाताईंना बोलावलं.

"ताई, तुम्ही आठवडाभर दुकानात जाताना यातूनच जात होतात ना?"

"हो, रोज."

"मग तुम्ही बसा या पुण्याच्या मंडळींच्या शेजारी."

पद्मजाताई एका महागड्या लाल गाडीत शिक्षकाच्या सीटवर बसल्या. चालवणारा तरुण मुलगा अदबीने म्हणाला, "मॅडम, तुम्ही किती वर्षं शिकवताय?"

"आजच सुरू केलंय," पद्मजाताई म्हणाल्या. "चला, घ्या पुढे."