आपण म्हणजे कोण?

राजेंद्ररावांच्या घरात 'तू' या शब्दाला बंदी होऊन पंधरा दिवस झाले होते. बँकेतून निवृत्त झालेला माणूस रिकामा बसला की घरच्यांना काय काय भोगावं लागतं, हे त्यांच्या पत्नी सुलेखाबाईंना ऐकून ठाऊक होतं. पण राजेंद्रराव ज्येष्ठ नागरिकांच्या 'आदरयुक्त संवाद' कार्यशाळेला गेले आणि हार घालून, पुस्तिका घेऊन परत आले, तेव्हा हे दुखणं साधं नाही हे त्यांच्या लक्षात आलं. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर त्याज्य शब्दांची यादी होती. पहिल्या क्रमांकावर 'तू', मग 'अगं', 'अरे', 'ए'. या सगळ्यांवर उतारा एकच, 'आपण'.

त्या दिवसापासून घरात आदर नुसता ओसंडून वाहायला लागला. पूर्वी "ए, पाणी आण" असायचं, आता "आपण पाणी आणावं" झालं. उठायचं मात्र पूर्वीही सुलेखाबाईंनीच आणि आताही सुलेखाबाईंनीच. गुडघ्यांना काही तो आदर कळत नव्हता.

हे असंच चाललं असतं, पण मधेच त्यांच्या मुलीचं, श्रेयाचं लग्न निघालं. मुलगा अतुल, वाळूजच्या कंपनीत इंजिनिअर, मूळचा देवगाव रंगारीचा. दोघं चार महिने फोनवर बोलत होती आणि श्रेयाचं मन बसलं होतं. आता फक्त मोठ्यांनी एकदा बसून होकार द्यायचा होता. रविवारी अतुल आईवडलांना घेऊन येणार ठरलं. 'आमच्या पप्पांना मानानं बोललेलं आवडतं' एवढं श्रेयानं त्याला बजावून ठेवलं, आणि अतुलनं ते वडलांना, म्हणजे कडुबांना, दोन-दोनदा सांगितलं. तिथंच घोटाळ्याची पेरणी झाली.

शनिवारी राजेंद्ररावांनी कडुबांना फोन करून मोठ्या अदबीनं सांगितलं, "जीपनं क्रांती चौकात उतरायचं. तिथून आपण रिक्षानं घरी यायचं." मग फोन ठेवून तितक्याच अदबीनं बायकोला म्हणाले, "आणि उद्याचे पोहे आपण करायचे आहेत."

सुलेखाबाईंचा आधी आपल्या कानांवर विश्वासच बसेना. आपण करायचे, म्हणजे दोघांनी मिळून? तीस वर्षांत या माणसानं कांदा फक्त खाल्लेला होता. बाईंना खरंच भरून आलं. रविवारी सकाळी त्यांनी ताटात सहा कांदे आणि सुरी घेऊन ते ताट नवऱ्याच्या खुर्चीसमोर ठेवलं आणि साडी बदलायला गेल्या. राजेंद्ररावांनी ताट बाजूला सरकवून तिथं पेपर पसरला.

दहा वाजले, अकरा वाजले, पाहुण्यांचा पत्ता नाही. वेळेची कदर नसणं हाही अनादरच, यावर राजेंद्ररावांनी एक लहानसं व्याख्यान दिलं. फोन करून विचारा, असं सुलेखाबाईंनी सुचवलं, तर पाहुण्यांना घाई करणं पुस्तिकेत बसत नव्हतं. शेवटी श्रेयानं गुपचूप अतुलला फोन लावला आणि बाहेर येऊन वडलांसमोर उभी राहिली.

"पप्पा, ते लोक दीड तास क्रांती चौकात उड्डाणपुलाखाली उभे आहेत. तुमची वाट बघतायत."

"माझी? मी तर स्पष्ट सांगितलं होतं, आपण यायचं म्हणून."

"हो ना. म्हणूनच उभे आहेत."

शेवटी पाहुणे आले, ते घामाघूम होऊन. अतुलच्या आईनं, आशाबाईंनी पदरानं वारा घेत विचारलं, की तुमचं येणं ऱ्हायलं का. पुढं पोहे यायला हवे होते, तर कांदे जसेच्या तसे ताटात. सुलेखाबाई नवऱ्याकडं बघतायत, नवरा सुलेखाबाईंकडं बघतोय. मग चहाबरोबर बिस्किटं आली. देवगावहून निघालेल्या माणसांपुढं बारा वाजता बिस्किटं ठेवायची, हा मान फारच झाला. कडुबांनी मात्र चहा संपवला, टोपी सारखी केली आणि पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं.

"आपली मुलगी आपल्याला पसंत आहे."

राजेंद्ररावांनी ते वाक्य मनात दोनदा फिरवून पाहिलं. आपली मुलगी आपल्याला पसंत, म्हणजे तुमची मुलगी तुम्हाला पसंत. तुमची तुम्हालाच लखलाभ. इतका अदबशीर नकार त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. परत विचारणं तर शोभलं नसतं. त्यांनी जड मनानं हात जोडले.

"ठीक आहे. आपली इच्छा."

हात जोडलेले बघून कडुबा दचकले. होकार दिला आणि समोरून निरोप मिळाला. आशाबाई उठल्या, अतुल वडलांच्या तोंडाकडं बघत उठला, आणि तिघं दारात चपला शोधायला लागली. स्वयंपाकघराच्या दारात श्रेयाचे डोळे भरून आले. ते पाहिलं आणि सुलेखाबाईंचं डोकं फिरलं. गेली खड्ड्यात ती पुस्तिका, असं म्हणत त्या तरातरा दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"ओ भाऊ, थांबा जरा. सरळ सांगा, आमची पोरगी तुम्हाला आवडली का नाय?"

"आवडली की, ताई. लई आवडली. मगा त्येच तर म्हणलो. तुमच्या मालकांनीच हात जोडले, मग आमी काय बसून ऱ्हावं व्हय?"

मग सगळं भराभर झालं. चपला परत निघाल्या, आशाबाई पदर खोचून कांदे चिरायला बसल्या आणि एक वाजता पोहे झाले. कडुबांनी दोनदा मागून घेतले. जाताना श्रेयाला "सुखात ऱ्हा, बाळा" म्हणाले. राजेंद्ररावांना तेही जरा खटकलं.

पाहुणे गेल्यावर ते खुर्चीत रेलले. चेहऱ्यावर सगळा समारंभ एकट्यानं पार पाडल्याचं समाधान होतं.

"पाहिलंत? आपण जमवलं शेवटी."

सुलेखाबाई रिकाम्या ताटल्या उचलत होत्या. त्या थांबल्या. ताटल्या टेबलावर ठेवल्या आणि पंधरा दिवसांचा हिशोब एकदाच मागावा तसं विचारलं, "आपण म्हणजे कोण?"

राजेंद्ररावांनी बायकोकडं पाहिलं. मग कांद्याच्या सालांकडं पाहिलं.

"तू," ते हळूच म्हणाले.

तीस वर्षांच्या संसारात बाईंना एवढा मान पहिल्यांदाच मिळाला, आणि तो यादीतल्या पहिल्याच शब्दानं दिला.