पिशाच्चाला जागा नाही

व्हिडिओ गेम पार्लरमधल्या मोठ्या मशीनवरचा खेळ घरी टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर आणणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी साहेबांना भर मीटिंगमध्ये सांगितलं. खेळ होता रक्तपिशाच्चाच्या शिकारीचा. चाबूक घेतलेला शिकारी उड्या मारत काळ्या किल्ल्यावर चढतो, वटवाघळं झोडपतो आणि सगळ्यात वरच्या खोलीत शवपेटी उघडून पिशाच्चाशी शेवटची झुंज देतो. मोठ्या मशीनमध्ये हे सगळं ऐसपैस मावायचं. खेळ जिच्यात भरायचा ती कन्सोलची कॅसेट म्हणजे त्यापुढे काडेपेटी.

आमच्या चित्रकार बाई, म्हणजे किल्ला आणि भुतं काढणाऱ्या, म्हणाल्या की आधी पिशाच्च बसवा, बाकीचं मग. मी हसलो. दरबार भरायच्या आधी राजा कधी येऊन बसतो का?

मग मी रंगात आलो. खिडक्यांचे पडदे वाऱ्यावर हलवले. मेणबत्त्या फडफडवल्या. चंद्रावरून ढग सरकवले, जिन्यातल्या चिलखताला गंज चढवला. बाई रोज विचारायच्या, पिशाच्च कुठवर आलंय? मी म्हणायचो, वाटेत आहे.

ते आलं तेव्हा कॅसेट गच्च भरली होती. अख्खं पिशाच्च सोडाच, त्याचा एक सुळाही मावेना. घर बांधून झालं आणि घरमालकालाच पाय ठेवायला जागा नाही! पडदे काढा, बाई म्हणाल्या. पण इतके झोकात हलणारे पडदे काढायला माझा जीव होईना. शेवटी मनाची समजूत घातली, की खेळ एवढा अवघड आहे, वरच्या खोलीपर्यंत पोचतोय कोण!

कन्सोल कंपनीच्या मॅडम खेळ बघायला आल्या. त्यांना पसंत पडला तर ऑफिस तगेल, नाहीतर सगळे घरी, असं साहेबांनी आधीच बजावलं होतं. मॅडमनी पर्स बाजूला ठेवली, बाह्या सरसावल्या आणि अशा सुटल्या की वटवाघळांची कीव यावी. साहेब टाळ्या वाजवत होते. मी एखादी तरी उडी चुकावी म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो. मॅडम वरच्या खोलीत पोचल्या. शवपेटी उघडली. रिकामी.

खोलीत फक्त पडदे हलत होते.

"पिशाच्च कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

"बाहेर गेलंय," मी म्हणालो.

साहेबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. मॅडमनी टीव्हीवरच्या रिकाम्या पेटीकडे पाहिलं. मग हळूच मान वळवून त्यांनी स्वतःच्या पाठीमागे पाहिलं.

"म्हणजे ते कुठेही असू शकतं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या अंगावर काटा आला आणि त्यांनी खेळ घेतला. ही कल्पना मुळात आपलीच, असं साहेबांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

खेळ बाजारात आला आणि फोन सुरू झाले. लोकांच्या अंगावर काटाबिटा काही येत नव्हता. ते खवळले होते. साहेबांनी कल्पना मला परत केली आणि फोनपाशी बसवलं.

शिव्या खाता खाता एका दुपारी ओळखीचा आवाज कानावर पडला. सासरे! मी बँकांचे हिशेबाचे प्रोग्राम लिहितो, असं लग्न ठरताना त्यांना सांगितलं होतं. भुताखेतांचे खेळ करणाऱ्याला त्यांनी मुलगी दिली नसती. निवृत्तीनंतर त्यांनी कन्सोल घेतल्याचं बायको म्हणाली होती, पण मला वाटलं, बुद्धिबळ खेळत असतील.

मी नाकात बोलायला लागलो. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त झोंबलं.

"पडदे छान हलतात," ते म्हणाले. "पण मी पडदे बघायला एवढा किल्ला चढलो नाही. हे ज्याने केलं त्याला फोन द्या."

मी मदतीसाठी बाईंकडे पाहिलं. त्या पेन्सिलीला टोक काढत होत्या, आणि मान वर करायला तयार नव्हत्या.

"त्याला कंपनीने काढून टाकलं," मी म्हणालो.

"बरं केलंत. मग जागा रिकामी असेल. आमचे जावई बँकांची कामं करतात. फार हुशार आहेत अशातला भाग नाही, पण हाती घेतलेलं काम अर्धवट सोडत नाहीत. संध्याकाळी त्यांना तुमच्याकडे अर्ज करायला सांगतो."

मी नाकातूनच आभार मानले.