नववा व्हॉल्व्ह

मंदाताईंना काही भेट द्यायची तर एक नग जास्तीचा द्यावा. मी हौसेने स्टीलचे सहा चमचे नेले, तर बाईंनी थँक्यू म्हणायच्या आधी एक काटकोनात वाकवला, नखाने खरवडला, भिंगातून पाहिला आणि म्हणाल्या, "बाकीचे पाच खात्रीचे आहेत हं."

आता यांना काय बोलणार? धंदाच तो. इथे जपानमध्ये, कावासाकी शहरात त्यांचं आणि त्यांच्या जपानी नवऱ्याचं, केन्जी-सानचं, क्रोमियमचा मुलामा चढवायचं छोटंसं वर्कशॉप. पणजोबांच्या काळातल्या मोटारींचे सुटे भाग आता मिळत नाहीत. हौशी लोक ते नवे घडवून घेतात आणि मुलाम्याला इथे आणतात. केन्जी-सान मागच्या खोलीत टाकीत बुडवून मुलामा चढवायचे, मंदाताई पुढे तपासायच्या. तपासायच्या म्हणजे मोडायच्या. इंजिनाला आठ व्हॉल्व्ह लागत असले की या नऊ मागणार. नववा व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून वाकवायचा. मुलाम्याला तडे गेले तर चालतं, पापुद्रा सुटला तर सगळे परत. "वरून सगळेच चकचकीत असतात गं," हे त्यांचं पालुपद. लेकीला सांगून आलेल्या मुलालाही त्यांनी तोंडावर हेच ऐकवलं होतं.

या हिवाळ्यात केन्जी-सान गेले. त्यांनी शेवटचे केलेले नऊ व्हॉल्व्ह टेबलावर तसेच पडून होते. गाडीचे मालक नाकानो-सान न्यायला आले तेव्हा मी तिथेच होते. बिचारे मान खाली घालून म्हणाले, "मंदा-सान, या वेळी मोडू नका. नववा आठवण म्हणून ठेवा. माझा विश्वास आहे."

"माझा नाहीये."

"अहो, ठेवा ना फोटोजवळ," मीही म्हटलं.

"फोटोजवळ? जन्मभर इतरांसमोर त्यांचं मोडलं, आता हळदकुंकू वाहू? उद्या कोणी म्हणायला नको, शेवटच्या कामाला बायकोने सांभाळून घेतलं."

त्यांनी व्हॉल्व्ह आवळला, जोर मिळावा म्हणून त्याच्या दांडीवर पाइप चढवला आणि अंगातलं सगळं वजन टाकलं. दांडी वाकली. मग भिंग घेऊन कितीतरी वेळ बघत बसल्या. केसासारखे बारीक तडे होते. नखाने खरवडून पाहिलं, पण पापुद्रा कुठेच सुटेना.

मंदाताईंनी मागच्या खोलीकडे तोंड केलं आणि टाकीच्या घरघरीतही ऐकू जाईल अशा नेहमीच्या मोठ्या आवाजात सांगितलं, "अहो, पास झाला हो."

आतली टाकी बंद होती. नाकानो-सान स्वतःच्या बुटांकडे बघायला लागले. मलाही कुठे बघावं कळेना.

"ऐकलंय त्यांनी," मंदाताई आम्हाला दरडावून म्हणाल्या. "तुम्ही तुमचे आठ उचला."